नावाचा घास

१

गोजरबाईच्या घरात कोणी ताटात टाकून उठत नसे. तशी कोणाची छातीच होत नसे. नवरा वामनराव अर्ध्या अमडापूरशी भांडून येत, पण तिनं वाढलेली भाकर मुकाट्यानं संपवत. लेकरांना मात्र तिनं जेवणावरून कधी हात लावला नाही. लेकरू मांडीवर घ्यायचं, दुधात भाकर कुस्करायची आणि एकेक घास दाखवून म्हणायचं, हा चिमणीचा, हा कावळ्याचा, हा मनीचा, हा मामाचा. आपल्या नावाचा घास लेकरू थुंकून टाकतं, दुसऱ्याच्या नावाचा गटकन गिळतं. माणसाची जातच तशी, असं गोजरबाई म्हणायची.

त्याच गोजरबाईची धाकटी लेक शालू भादव्यापासून जेवत नव्हती.

पहिलं बाळंतपण म्हणून ती सुलतानपूरहून माहेरी आली होती. मागच्या खोलीत बाळंत झाली. लेकरू रडलंच नाही. वामनरावांनी ते फडक्यात गुंडाळून नेलं आणि त्या दिवसापासून शालूची नजर भिंतीला चिकटली ती चिकटलीच. वर तुळईला पाळण्याची कडी तशीच राहिली होती. काढा म्हणायला कोणाची जीभ रेटेना.

त्या भिंतीवर एक पाल होती. एका सकाळी दाराच्या फटीत तिची शेपूट तुटली आणि ती खाली पडली. गोजरबाईनं खराटा उचलला. तेवढ्यात शालू उठून बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द निघाला.

"माय, मारू नको व. त्याले भूक लागली असन."

"पालीले?"

"त्यानं खाल्लं का मी खाईन."

गोजरबाई खराटा हातात धरून उभी राहिली. मग तिनं तो कोपऱ्यात ठेवला. लेक पालीसंगं जेवो नाहीतर भुतासंगं, जेवली म्हणजे झालं.

२

शालूनं पाल परडीत ठेवली आणि वर लेकराच्या लंगोटाचं फडकं बांधलं. रोज दिवा लागला की त्यावर पाखरं येत. शालू एखादं धरून खराट्याच्या काडीवर ठेवी, काडी हलवी आणि पाल ते उचली. मग जीभ काढून स्वतःचे डोळे चाटी. पालीला पापण्या नसतात. डोळ्यांतली धूळ ती अशी काढते. ते झालं की शालू अर्धी भाकर खाई. अर्धी तर अर्धी.

दिवाळी जवळ आली, हवेत गारवा आला आणि पाखरं संपली.

गोजरबाईनं रातकिडे धरून आणले. पालीनं तोंड फिरवलं. झुरळ दिलं, नाकतोडा दिला, ज्वारीतले सोंडकिडे दिले. वामनरावांनी कपाशीच्या बोंडातून जिवंत अळ्या आणल्या, लुसलुशीत, गुलाबी. पालीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इकडे शालूचं ताटही तसंच परत येऊ लागलं.

शेजारी अब्दुल गनी पिंजाऱ्याचं घर होतं. दिवसभर त्याच्या कापूस पिंजायच्या धुनकीची तार भिंतीपलीकडे दणाणायची. त्याची बायको नूरजहां गोजरबाईच्या बरोबरीची. तिनं कधीकाळी पोपट पाळला होता, तेवढ्या अधिकारानं ती सांगायला आली.

"माझा मिठू पेरूशिवाय काई खायचा नाई. मग मी मिरचीले पेरू चोळला. आधी आवडीचा वास, मग नवं खाणं. जरा सबर ठेव, गोजर. आदत अशी एका दिवसात नाई मोडत."

"माझ्यात सबर असती तर या घरात कोणी जेवलं असतं का?"

"हाव, तुझी दहशत त्या पालीनंबी ऐकली असन. म्हणून तर तोंड नाई उघडून राह्यली."

गोजरबाईनं तेही केलं. मेलेल्या पाखराच्या पंखांची भुकटी अळीला चोळली आणि काडी परडीत धरली. पाल हलली नाही. मागे शालू भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाठीचे मणके चोळीतून वर आले होते. गोजरबाईचा पारा चढला आणि तोंडातून सवयीनं निघालं, "खाय व माय! हा घे, चिमणीचा घास."

पालीनं मान वळवली आणि अळी गट्ट केली.

शालू हसली. खरंच हसली. "माय, तू पालीलेबी तसंच जेवू घालून राह्यली?"

"तुम्हाले घातलं ना? मग तिचं काय मोठं." गोजरबाईनं दुसरी अळी काडीवर घेतली. "हा कावळ्याचा."

३

मग घरात बरे दिवस आले. पाल आता सगळं खाऊ लागली, फक्त घास नावाचा पाहिजे. रातकिडा मनीच्या नावानं गेला. नाकतोडा मामाच्या नावानं गेला. लोणारचा मामा म्हणजे गोजरबाईचा भाऊ पंजाबराव, दर भाऊबीजेला येणारा. एकदा शालूनंच काडी हातात घेतली आणि खोडकरपणानं म्हणाली, "हा सुलतानपूरवाल्याचा." म्हणजे तिचा नवरा उत्तमराव; तो भाऊबीजेला तिला न्यायला येणार होता. त्या दिवशी शालूनं पूर्ण भाकर खाल्ली, बेसन मागून घेतलं आणि वेणी घालून घेतली.

गोजरबाई अंगणात ज्वारी वाळत घालत होती. सुपातली ज्वारी पसरून ती काठी घेऊन बसली. बसून बसून तिच्या लक्षात आलं की काठी उचलायची वेळच आलेली नाही.

अंगणात एकही चिमणी नव्हती.

तुळईच्या खोबणीत चिमण्यांचं घरटं होतं, तेही रिकामं होतं. पत्र्यावर कावळा नव्हता. चुलीजवळ पाय पसरून झोपणारी मनी कधीपासून दिसली नव्हती, ते तिला आठवेना. धुनकीची तार तेवढी दणाणत होती. ती थांबली की अंगण इतकं गप्प होई, की ज्वारीवरून हात फिरवला तरी आवाज मोठा वाटे.

ससाणा आला असेल, ती मनाशी म्हणाली. थंडी पडली. कोणी कपाशीवर औषध मारलं असेल.

"नूरजहां," तिनं भिंतीवरून हाक मारली, "तुमच्याकडे चिमण्या हायेत का व?"

"हायेत का म्हणजे? मेल्यांनी अर्धा कापूस घरट्यात नेला! अन् तुमची मनी माझ्या पदरात टाकली का तुम्ही? इथंच पडली राहते. काल उचलून तुमच्या कवाडात ठेवली, तर कवाडाच्या बाजूनं निघून गेली. तिले जसं दिसलंच नाई."

गोजरबाईनं मूठभर ज्वारी उचलली आणि भिंतीवर टाकली. पलीकडून दोन चिमण्या उडत आल्या. भिंतीवरचे दाणे टिपले. त्या अंगणाकडे फिरल्या, क्षणभर थांबल्या, आणि दगडासमोर आल्यासारख्या वळून गेल्या.

४

भाऊबीजेला गोजरबाईनं ताट केलं, निरांजन लावलं. पंजाबराव आला नाही. उत्तमरावही आला नाही. दोघांनाही तिनं दिवसभर शिव्या दिल्या. चीनची लढाई सुरू झाली होती आणि वामनराव रोज संध्याकाळी पंचायतीच्या रेडिओवर बातम्या ऐकायला जात. ते म्हणाले, "यष्ट्या बंद असतीन. फौजेसाठी नेल्या असतीन." आपल्याकडच्या यष्ट्या कोण नेतो बर्फात, पण तिनं ते मानून घेतलं. मानून घेणं बरं वाटत होतं.

बाजाराच्या दिवशी मिरचीच्या ढिगाऱ्यापाशी पंजाबराव तिच्यासमोरच उभा राहिला.

"वा रे भाऊ! बहिणीचं ताट वाळून गेलं अन् तू इथं मिरच्या निवडून राह्यला?"

पंजाबरावानं टोपी काढून डोकं पुसलं. "अवं, आलतो ना मी! पहिल्या यष्टीनं आलतो. तुमच्या गल्लीत चकरा मारून मारून पाय दुखले. तुह्यं कवाडच नाई गवसलं."

"पिऊन आलता का?"

"तुह्यी आन. गनीचं घर लागलं. त्याले लागून पिठाची चक्की. मंधात काई नाईच." तो हसला, पण हसताना तिच्याकडे पाहत नव्हता. "जावईबापूबी भेटले होते तिथंच. थेबी शोधून राह्यलते. दोघं एकमेकाच्या तोंडाकडे पाहत बसलो अन् परतीच्या यष्टीत बसलो. लोकाले काय सांगावं? मले वाटलं, वय झालं."

गनीचं घर आणि चक्की यांच्यामध्ये गोजरबाईचं घर होतं. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला चुलीची पडवी. लग्न होऊन आल्यापासून ती तिथंच होती.

"चाल," ती म्हणाली. "मी दाखवतो तुले घर."

"आज नाई व. पुढच्या खेपेले." आणि तो चालायला लागला, घाईनं, मिरच्या तिथंच टाकून.

घरी येताना ती एकेक नाव आठवत होती. चिमणी, कावळा, मनी, मामा, सुलतानपूरवाला. हे सगळं खुळ्यासारखं आहे, असं ती स्वतःला मोठ्यानं म्हणाली. मग तिला आज सकाळचा घास आठवला. पाल तोंड उघडत नव्हती, चुलीवर दूध उतू जात होतं, आणि घाईघाईत ती म्हणाली होती, घे, हा बाबाचा.

ती पळत सुटली.

५

वामनराव घरी नव्हते. रेडिओवर गेले असतील. दिवेलागण झाली. तिनं कवाड उघडंच ठेवलं आणि उंबऱ्यात बसून राहिली.

गल्लीत त्यांच्या वहाणांचा आवाज आला. तो जवळ आला, समोरून गेला आणि चक्कीपर्यंत जाऊन थांबला. मग परत आला.

"शालूची माय!" वामनरावांनी हाक मारली. ते हाताच्या अंतरावर उभे होते आणि तिच्या डोक्यावरून कुठंतरी पाहत होते. "अवं, कुठं हायेस?"

गोजरबाई उंबरा ओलांडून बाहेर आली, तसे ते दचकले. "कुठून निघाली तू?"

"घरातून! डोळे गेले का तुमचे? चला आत."

तिनं त्यांचा हात धरला, घट्ट, जसा लग्नात धरला होता त्याहून घट्ट, आणि त्यांना ओढत आत आली. हातातून हात सुटल्याचं तिला कळलंच नाही. अंगणात येऊन पाहिलं तर मुठीत नुसती ऊब होती, आणि बाहेर वामनराव हाका मारत होते. त्यांच्यासारखा धिप्पाड माणूस असा रडवेल्या आवाजात हाक मारतो, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

त्या रात्री ते गनीच्या ओट्यावर झोपले. सकाळी शेतातल्या झोपडीत राहायला गेले. कापसाची राखण म्हणून लोकांना सांगितलं.

आत शालूनं विचारलं, "बाबा नाई आले जेवाले?"

"येतीन," गोजरबाई म्हणाली.

६

तिनं नावं घेणं बंद केलं. पालीनं खाणं बंद केलं. आणि शालूनं.

शालू हट्टानं उपाशी राहिली असती तर गोजरबाईनं तिला वठणीवर आणलं असतं. पण तसं नव्हतं. ती बिचारी घास तोंडात घ्यायची, चावायची आणि गिळता यायचं नाही. डोळ्यांतून पाणी यायचं. भाकर बाहेर यायची. दंडातली वाकी सैल होऊन कोपराशी आली.

गोजरबाईनं पाल मडक्यात घातली, वर फडकं आवळलं आणि नाल्यापलीकडे नेऊन सोडली. ती घरी पोहोचली तेव्हा पाल परडीत होती. इतक्या जणांना हे घर सापडेना, आणि हिला बरोबर सापडलं.

मग तिनं शालूला उचलून बाहेर न्यायचं ठरवलं. शालू उचलायला काहीच जड नव्हती, कापसाच्या गाठोड्याएवढी. पण कवाडापाशी तिनं चौकट धरली आणि नखं तुटेपर्यंत सोडली नाही.

"माय, मी गेलो तर ते उपाशी मरन."

"मरू दे! पाल हाय ते!"

"एकडाव झालं तेवढं बस झालं व, माय," शालू हळूच म्हणाली.

गोजरबाईनं तिला परत आणून खाटेवर ठेवलं. परडीतून पाल पाहत होती. तिचं पोट खपाटीला गेलं होतं, कातडीतून आतलं सगळं दिसत होतं. पुढचे दोन पाय परडीच्या काठावर होते, बोटं पसरलेली, अगदी बारीक. ती शालूकडे पाहत नव्हती. गोजरबाईकडे पाहत होती.

७

दोन दिवसांनी शालूनं पाणीही घेतलं नाही.

सकाळचं ऊन खिडकीतून खोलीत आलं होतं. गोजरबाई परडीसमोर मांडी घालून बसली. काडीच्या टोकाला अळी वळवळत होती. तिनं शांतपणे विचार केला. तिला जमेल तेवढा शांतपणे. नाव घेतलेलं माणूस मरत नाही. भाऊ जिवंत आहे, नवरा जिवंत आहे. त्यांना बाहेरून घर सापडत नाही, एवढंच. आपण आतच आहोत. बाहेर गेलोच नाही तर सापडायचा प्रश्नच कुठं येतो? पाणी आताही नूरजहांच आणून देते. पीठ आहे, सरपण आहे. एक बाई आपल्या घरातून बाहेर पडत नाही, यात जगावेगळं काय आहे?

"घे," ती म्हणाली. "हा मायचा."

पाल लगेच पुढे आली नाही. तिनं आधी गोजरबाईच्या तोंडाकडे पाहिलं, जणू खात्री करून घेतली. मग अळी घेतली, सावकाश, मान वर करत गिळली. जीभ काढून डोळे चाटले नाहीत.

तिनं डोळे मिटले. दूध पिऊन झालेलं लेकरू मिटतं तसे, जड होत होत, आधी एक आणि मग दुसरा.

तेवढ्यात मागून खाट कुरकुरली.

"माय," शालू म्हणाली. आवाजात धार होती, भूक होती. "भाकर दे ना."

गोजरबाई धडपडत उठली. टोपल्यात कालची भाकर होती. ती तिनं पुढे केली.

"शिळी नको व. गरम दे. तव्यावरची."

किती दिवसांनी पोरीनं काही मागितलं होतं! गोजरबाई पदर खोचत निघाली, अंगण ओलांडून पडवीत गेली, चूल पेटवली, पीठ मळलं. भाकर गोल आली. ती टम्म फुगली. तिनं वर लोण्याचा गोळा ठेवला, ताट उचललं, पडवीतून बाहेर आली, आणि तेव्हा तिला आठवलं की चूल घरात नाही.

समोर अंगण होतं. त्यापुढे, दोन खोल्यांच्या जागी, चक्कीची मागची भिंत होती, चुन्याची, सबंध, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिनं जाऊन तिच्यावर तळहात ठेवला. हाताचं पीठ चुन्याला लागलं. भिंत उन्हानं तापली होती.

आतून, अगदी जवळून, शालूचा आवाज आला. "माय, आण ना व. भाकर थंडी होऊन राह्यली असन."

८

नूरजहां घागर घेऊन आली तेव्हा गोजरबाई ताट धरून उन्हात उभी होती.

"अशी काऊन उभी हायेस? आत जाय ना."

"तू ने," गोजरबाई म्हणाली. "तुले दार दिसते?"

"घ्या! तुझ्या नाकासमोर तर हाय."

"मग तू ने. तूच खाऊ घाल तिले. अन् बोलू नको तिथं काई. कोणाचं नाव घेऊ नको."

नूरजहांनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. घागर खाली ठेवली, ताट घेतलं आणि भिंतीकडे चालत गेली. गोजरबाईनं डोळे मिटले. उघडले तेव्हा अंगणात ती एकटीच होती.

ती तिथंच जमिनीवर बसली आणि कान भिंतीला लावला. ताटाचा आवाज आला. भाकर मोडल्याचा, चावल्याचा, गिळल्याचा. एकेक घास तिच्या पोटात उतरावा तसा ती ऐकत होती. वर कुठंतरी पाळण्याची कडी करकरली. एकदा. मग संथ लयीत, पुन्हा पुन्हा.

नूरजहां ताट बगलेत मारून बाहेर आली. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती.

"खाल्ली व, गोजर! सगळी खाल्ली. तोंडावर कशी लाली आली पोरीच्या!" मग तिनं आवाज खाली आणला. "पण तिच्या मांडीवर कोण हाय व? फडक्यात गुंडाळेल. झोपेल होतं म्हणून मी वाकून नाई पाह्यलं."

गोजरबाई भिंतीला धरून उठली.

"मी एक शब्द नाई बोलली, तू सांगतलं तसं. शेवटचा घास राहिला, तोच मले म्हणे, खाला, हा त्याले देते." नूरजहांनं पदरानं डोळे पुसले. "म्हणे, हा तुमच्या नावाचा. किती माया व पोरीले! थांब, पाण्याची घागर आत द्याची राहिली."

तिनं घागर उचलली आणि वळली. एक पाऊल टाकलं. मग मोकळा हात पुढे करून, आंधळ्यानं करावा तसा, ती जागीच उभी राहिली.

गोजरबाईनं तिच्या बगलेतलं ताट काढून घेतलं. उन्हात वाकडं धरून पाहिलं. ताटात एक कणही टाकलेला नव्हता.